हलकेपणा स्वस्त झाला तेव्हा : नेटबुकचा उदय आणि अस्त (थ्रेड)

१/
जानेवारी २००८. सॅन फ्रान्सिस्को येथील व्यासपीठावर स्टीव्ह जॉब्ज यांनी टपालाच्या एका साध्या लिफाफ्यातून लॅपटॉप बाहेर काढला. मॅकबुक एअर : वजन १.३६ किलो, किंमत १,७९९ डॉलर. ते दृश्य जगभर गाजले. परंतु त्याच दिवशी दुकानांत असा एक लॅपटॉप विक्रीस उपलब्ध होता, ज्याचे वजन त्याहून सुमारे ४४० ग्रॅमने कमी होते आणि किंमत होती ३९९ डॉलर.

२/
त्याचे नाव आसुस ई पीसी ७०१. सात इंचांचा पडदा, वजन ९२२ ग्रॅम. ही दोन यंत्रे एका तोलाची नव्हती, हे उघड आहे. एकाचे अंग धातूचे आणि पडदा मोठा, दुसऱ्याचे प्लास्टिकचे आणि कळा इतक्या छोट्या की मोठ्या हाताच्या माणसाची बोटे एकमेकांवर आदळत. तरीही या तुलनेत एक उलथापालथ दडलेली आहे. तोवर हलका लॅपटॉप म्हणजे महाग लॅपटॉप, हे समीकरण सुमारे पंचवीस वर्षे अबाधित होते. ते कसे मोडले, आणि मोडल्यानंतर पाचच वर्षांत ही जात बाजारातून नाहीशी का झाली, त्याचा हा वृत्तान्त.

३/
कल्पना मात्र बरीच जुनी. १९७२ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील ॲलन के यांनी ‘डायनाबुक’ नावाच्या यंत्राचा आराखडा मांडला. वहीएवढे आकारमान, चार पौंडांहून, म्हणजे सुमारे १.८ किलोहून, कमी वजन आणि ५०० डॉलरच्या आसपास किंमत. वापरणारा कोण? लहान मूल. ज्या काळात संगणक खोली व्यापत असे, त्या काळात एका माणसाने तो मुलाच्या दप्तरात कल्पिला. हे यंत्र के यांनी मांडलेल्या रूपात कधीच तयार झाले नाही. पण वजन, किंमत आणि मूल ही तीन टोके पुढे वारंवार भेटतात.

४/
प्रत्यक्षात जे आले ते वेगळेच होते. १९८१ चा ऑस्बॉर्न १ हा व्यापारी यश मिळवणारा पहिला ‘सुवाह्य’ संगणक मानला जातो. वजन सुमारे ११ किलो! पाच इंचांचा पडदा, शिवणयंत्राच्या पेटीसारखे रूप आणि किंमत १,७९५ डॉलर. (त्याचे जनक ॲडम ऑस्बॉर्न यांचे बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलै येथे गेले आणि २००३ मध्ये त्यांचे निधनही कोडाइकनाल येथेच झाले. संगणकाच्या इतिहासात ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.)

५/
त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, रेडिओ शॅक या अमेरिकी दुकानसाखळीने टीआरएस-८० मॉडेल १०० विकायला काढले. बांधणी जपानच्या क्योसेरा कंपनीची. वजन दीड किलोच्या आत. पडद्यावर केवळ ८ ओळी, प्रत्येक ओळीत ४० अक्षरे. ऊर्जेसाठी चार पेन्सिल सेल. एवढ्यावर ते सुमारे २० तास चाले. त्याच्या अंतर्गत आज्ञावलीचा मोठा भाग खुद्द बिल गेट्स यांनी लिहिला होता.

६/
या यंत्रावर सर्वाधिक प्रेम केले ते वार्ताहरांनी. कळ दाबताच सुरू होणे, चांगला कळफलक, कुठल्याही गावातल्या दुकानात मिळणारे सेल आणि टेलिफोनच्या तारेवरून मजकूर कार्यालयात पाठवण्याची सोय. क्रीडांगणाच्या कोपऱ्यातून किंवा विश्रामगृहाच्या खोलीतून बातमी थेट छपाईच्या टेबलावर जाऊ लागली. आठ ओळींचा पडदा कमी आहे, अशी तक्रार त्यांनी फारशी केली नाही. बातमी लिहायला तेवढा पुरत होता. ‘पुरणे’ हा शब्द इथे लक्षात ठेवावा.

७/
पुढे उद्योगाची वाट बदलली. दरवर्षी प्रोसेसर वेगवान झाले, स्मृती वाढली आणि त्याच वेळी सुटे भाग स्वस्त होत गेले. या स्वस्ताईचे दोन उपयोग संभवत होते : तेच यंत्र कमी किमतीत द्यावे, किंवा त्याच किमतीत अधिक क्षमतेचे यंत्र द्यावे. उद्योगाने जवळजवळ नेहमीच दुसरा मार्ग निवडला, कारण नफा तिथे होता. छोटी यंत्रेही आली, पण ती हौशी आणि पैसेवाल्या ग्राहकांसाठी. १९९६ चा तोशिबा लिब्रेटो ८४० ग्रॅमचा होता आणि त्यावर विंडोज ९५ चालत असे. सोनीची छोटी व्हायो यंत्रे तर दागिन्यासारखी मिरवली जात. हलकेपणा ही चैन होती.

८/
या चौकटीला पहिला धक्का बाजाराने दिला नाही. तो दिला एका प्राध्यापकाने. एमआयटीच्या मीडिया लॅबचे संस्थापक निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. गरीब देशांतील प्रत्येक मुलाच्या हाती एक. प्रकल्पाचे नावही तेच : वन लॅपटॉप पर चाइल्ड.

९/
नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिस येथील जागतिक परिषदेत नमुना दाखवण्यात आला. हिरव्या रंगाचे ते यंत्र, आणि वीज नसलेल्या गावांसाठी बाजूला हाताने फिरवायचा पिवळा दांडा. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी दांडा फिरवला आणि तो त्यांच्या हातात निघून आला. अंतिम यंत्रात हा दांडा ठेवलाच नाही.

१०/
दांड्याची गंमत सोडली, तर एक्सओ-१ हे विलक्षण अभियांत्रिकीचे काम होते. मेरी लू जेप्सेन यांनी रचलेला त्याचा ७.५ इंचांचा पडदा भर उन्हात, मागचा दिवा बंद असतानाही, कागदासारखा वाचता येई. रबरी कळफलकात धूळ-पाणी शिरत नसे. हार्ड डिस्क नव्हती, त्यामुळे यंत्र पडले तरी फिरता भाग मोडण्याची भीती नव्हती. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण. देवनागरी कळफलकही तयार करण्यात आला होता. पण २००७ च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले तेव्हा किंमत होती २०० डॉलरच्या घरात. शंभर नव्हे.

११/
भारत सरकारने २००६ मध्येच हा प्रस्ताव नाकारला होता. शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी नियोजन आयोगाला कळवले की, देशाला अशा साधनांपेक्षा वर्गखोल्या आणि शिक्षक यांची अधिक निकड आहे, आणि या योजनेचा शैक्षणिक पायाही शंकास्पद आहे. त्या वेळी या भूमिकेवर मागासलेपणाचा शिक्का मारला गेला. पुढे पेरूने आठ लाखांहून अधिक यंत्रे घेतली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात गणित आणि भाषा यांच्या गुणांत लक्षणीय फरक आढळला नाही. सचिवांचे पत्र त्यानंतर पुन्हा वाचले, तर ते तितके जुनाट वाटत नाही.

१२/
सरकारने नाकारले तरी प्रयोग झालाच, आणि तो महाराष्ट्रात झाला. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, एका धनगरवाड्यावरील एकशिक्षकी शाळेत एक्सओ पोहोचले. मुले साधारण वीस-बावीस, वर्ग चार, खोली एक. दावोसमध्ये मांडलेली कल्पना जगातल्या अगदी सुरुवातीच्या ज्या शाळांत उतरली, त्यांपैकी ही एक. देशपातळीवर मात्र योजना पुढे सरकली नाही. उरुग्वेने याउलट केले : २००९ पर्यंत तेथील सरकारी प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र होते.

१३/
एवढ्यावर हा विषय शिक्षणशास्त्राच्या इतिहासात जमा झाला असता. तसे झाले नाही, कारण हे यंत्र पाहून उद्योग अस्वस्थ झाला. एक्सओमध्ये प्रोसेसर होता एएमडीचा आणि प्रणाली होती लिनक्सची. कोट्यवधी मुले इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांना वगळून संगणक शिकणार, ही शक्यता किरकोळ नव्हती. इंटेलने शाळांसाठी स्वतःचा क्लासमेट पीसी आणला. २००७ च्या जुलैमध्ये इंटेल नेग्रोपॉन्टे यांच्या प्रकल्पात सामील झाले आणि जानेवारी २००८ मध्ये भांडून बाहेरही पडले.

१४/
या दोघांच्या झटापटीतून तिसऱ्यालाच वाट सापडली. आसुस ही तैवानची कंपनी. मदरबोर्ड बनवण्यात अग्रेसर, दुसऱ्यांच्या नावाने लॅपटॉप बांधून देण्यात तरबेज. जून २००७ मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात कंपनीचे अध्यक्ष जॉनी शिह यांनी ई पीसी दाखवला. नावातील तीन ‘ई’ म्हणजे शिकायला, कामाला आणि खेळायला सोपा. घोषित किंमत १९९ डॉलरपासून. ऑक्टोबरमध्ये तो बाजारात आला तेव्हा प्रमुख आवृत्ती ३९९ डॉलरची झाली होती. आश्वासन आणि किंमत यांतील हे अंतर या संपूर्ण इतिहासात कुठेही मिटत नाही.

१५/
तो स्वस्त कसा झाला, हे उलगडून पाहण्यासारखे आहे. सात इंचांचे पडदे नवे नव्हते. सुवाह्य डीव्हीडी प्लेअरसाठी ते घाऊक प्रमाणात बनत होते, म्हणून स्वस्त होते. झाकण पडद्यापेक्षा मोठे, तर उरलेल्या दोन्ही बाजूंना स्पीकर बसवले. प्रोसेसर जुन्या पिढीतला सेलेरॉन, तोही ९०० ऐवजी ६३० मेगाहर्ट्झवर मंदावलेला, म्हणजे कमी तापेल आणि बॅटरी टिकेल. हार्ड डिस्कऐवजी ४ जीबी फ्लॅश. डीव्हीडी ड्राइव्ह नाही. प्रणाली लिनक्सची, म्हणून परवान्याचा खर्चही जवळजवळ नाही. यात एकही शोध नवा नव्हता. घरात असलेल्या जिनसांतूनच सणाचा स्वयंपाक उरकणाऱ्या गृहिणीचे कसब त्यात होते.

१६/
आणि लोक तुटून पडले. मुलांसाठी बनलेली कल्पना मोठ्यांनी उचलली. प्रवासी, विद्यार्थी, लेखक, घरात दुसरा संगणक हवा असलेली कुटुंबे. कारण तोवर लोकांचे संगणकावरचे रोजचे काम बदलले होते. जीमेल २००४ चे, यूट्यूब २००५ चे. भारतातील महाविद्यालयीन तरुणाई ऑर्कुटवर होती. पत्र लिहावे, टपाल पाहावे, बातम्या वाचाव्यात, मित्रांशी बोलावे. यांपैकी कशालाही दरवर्षीचा नवा प्रोसेसर लागत नव्हता. मॉडेल १०० च्या वार्ताहरांना जे उमगले होते ते पंचवीस वर्षांनी सामान्य ग्राहकाला उमगले : एवढे पुरते.

१७/
२००८ हे वर्ष मग झुंबडीचे ठरले. एचपी, एसर, एमएसआय, डेल, लेनोव्हो, सॅमसंग, सर्वांनी छोटे लॅपटॉप काढले. पडदे सातावरून नऊ आणि दहा इंचांवर गेले. भारतात एचसीएलने जानेवारी २००८ मध्येच मायलीप ही मालिका सुमारे १४,००० रुपयांपासून आणली. त्या काळी बरा लॅपटॉप म्हणजे तीस-चाळीस हजारांचा मामला होता. जूनमध्ये इंटेलचा ॲटम एन२७० आला. १.६ गिगाहर्ट्झ, आणि विजेची भूक अवघी २.५ वॉट. इंटेलने या वर्गाला नाव दिले ‘नेटबुक’. ब्रिटनच्या सायन कंपनीने १९९९ मध्येच या नावाचे यंत्र विकले होते, तेव्हा नावावरून तंटाही झाला. २००९ मध्ये तो मिटला.

१८/
इथे मायक्रोसॉफ्टची कोंडी पाहण्यासारखी होती. कंपनीची नवी प्रणाली विंडोज व्हिस्टा. तिला डिस्कवर १५ जीबी मोकळी जागा हवी, आणि ई पीसीची संपूर्ण साठवण होती ४ जीबी. २००१ ची विंडोज एक्सपी मात्र या यंत्रांवर सुरळीत चाले. पण तिची विक्री जून २००८ अखेर थांबवण्याचे ठरले होते. म्हणजे कोट्यवधी छोटी यंत्रे लिनक्सच्या स्वाधीन करणे. एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने माघार घेतली आणि केवळ अल्पमोली संगणकांसाठी एक्सपीला मुदतवाढ दिली. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या कारकुनाला पुन्हा खुर्चीत बसवावे, तसा हा प्रकार.

१९/
मुदतवाढ फुकट नव्हती. सवलतीचा परवाना हवा असेल तर पडदा साधारण दहा इंचांपर्यंत, रॅम १ जीबीपर्यंत, अशा सुरुवातीच्या अटी होत्या. इंटेललाही ॲटम छोट्या पडद्यापुरताच राहावा असे वाटत होते. कारण उघड आहे. थोडा मोठा पडदा आणि थोडी अधिक रॅम मिळाली असती, तर दुप्पट किमतीचा लॅपटॉप कोणी घेतला असता? नेटबुक विकले जावे, पण पुरेसे होऊ नये, याची तजवीज करण्यात आली. या इतिहासातील खरा निर्णायक क्षण हाच म्हणावा लागेल.

२०/
२००९ च्या विंडोज ७ ‘स्टार्टर’ आवृत्तीत तर हा विचार हास्यास्पद टोकाला गेला. एका वेळी तीनच प्रोग्राम चालवता येतील, अशी मूळ योजना होती. ओरड झाल्यावर ती मागे घेतली गेली. पण पडद्यामागचे चित्र बदलण्याची मुभा शेवटपर्यंत दिली नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर घरच्यांचे छायाचित्र लावता येत नाही, यामागे तांत्रिक कारण काहीही नव्हते. आपण स्वस्तातले गिऱ्हाईक आहोत, याची रोज आठवण करून देणारी ती खूण होती.

२१/
सगळा दोष कंपन्यांवर ढकलणे मात्र अन्यायाचे होईल. उणिवा यंत्रातही होत्या. ई पीसीचा पडदा ८०० बिंदू रुंद, आणि बहुतेक संकेतस्थळे १,०२४ बिंदूंच्या हिशेबाने रचलेली. वाचताना पान डावी-उजवीकडे सरकवत राहावे लागे. दहा इंचांच्या यंत्रांवर कित्येकदा खिडकीतील ‘ओके’ची कळच पडद्याच्या तळाखाली दडून बसे. स्पष्ट चित्राचा व्हिडिओ अडखळे. लिनक्सची यंत्रे ग्राहक मोठ्या प्रमाणात परत करत, असे एमएसआयच्या अधिकाऱ्यांनी २००८ मध्ये सांगितले होते. लॅपटॉपच्या अपेक्षेने घेतलेले नेटबुक निराश करी.

२२/
याच सुमारास शंभर डॉलरचा लॅपटॉप खरोखरच अवतरला. कोठे? रेडिओ शॅकमध्ये. डिसेंबर २००८ मध्ये या दुकानसाखळीने एसर ॲस्पायर वन ९९.९९ डॉलरला विकायला काढला. अट एकच : एटी अँड टीशी दोन वर्षांचा इंटरनेट करार, महिना ६० डॉलर. म्हणजे एकूण १,४४० डॉलर वेगळे. नेग्रोपॉन्टे यांचा आकडा गाठला गेला, पण तो हप्त्यांच्या हिशेबात.

२३/
भारतात आकड्याचा हा मोह आणखी खाली उतरला. फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपती येथे सरकारी कार्यक्रमात ‘दहा डॉलरचा लॅपटॉप’ अवतरणार, अशी जगभर बातमी होती. दाखवले गेले ते साठवणुकीचे एक उपकरण. पडदा नाही, कळफलक नाही. पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये कपिल सिब्बल यांनी आकाश टॅब्लेट सादर केला. सात इंच, ३६६ मेगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम. सरकारला एक संच २,२७६ रुपयांना पडला. एक्सओपेक्षाही मंद प्रोसेसर, तोही चार वर्षांनंतर. विद्यार्थ्याच्या गरजेतून किंमत काढण्याऐवजी किमतीतून यंत्र काढले की काय होते, त्याचा हा नमुना.

२४/
जानेवारी २०१० मध्ये आयपॅड सादर करताना जॉब्ज यांनी नेटबुकची खिल्ली उडवली : ती कशातच सरस नाहीत, मंद आहेत, पडदे निकृष्ट आहेत. टीका फारशी खोटी नव्हती. पण आयपॅड ४९९ डॉलरचा होता आणि त्याला कळफलक नव्हता. ज्याला वाचायचे व पाहायचे होते तो तिकडे गेला. ज्याला लिहायचे होते त्याची सोय मागे पडली. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ची मोहीम उघडली : पातळ, हलके आणि पुन्हा महाग. २०१२ च्या अखेरीस आसुसने ई पीसी बंद केला, एसरनेही काढता पाय घेतला.

२५/
गरज मात्र बंद झाली नाही. गूगलचे क्रोमबुक जून २०११ मध्ये विक्रीस आले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सॅमसंगने ११.६ इंचांचे, सुमारे १.१ किलोचे क्रोमबुक २४९ डॉलरला दिले. नाव बदलले, शरीरयष्टी तीच. अमेरिकेतील शाळांनी ती उचलली. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा अशा यंत्रांची जगभर टंचाई झाली. महाराष्ट्रात त्या वर्षी असंख्य मुलांची शाळा घरातल्या एकाच मोबाइलवर भरली. वडील कामावर गेले की शाळा सुटली. पाच इंचांच्या पडद्यावर निबंध लिहिणाऱ्या त्या मुलांना सात इंचांचा ई पीसीही ऐसपैस वाटला असता.

२६/
जुलै २०२३ मध्ये नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या रिलायन्स जिओने जिओबुकची नवी आवृत्ती जाहीर केली. ११.६ इंचांचा पडदा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ४जी सिमची सोय आणि लिनक्सवर आधारलेली स्वतःची प्रणाली. वजन ९९० ग्रॅम, म्हणजे ई पीसीपेक्षा ६८ ग्रॅम अधिक. किंमत १६,४९९ रुपये. त्या वेळच्या विनिमय दराने हे साधारण २०० डॉलर होतात. तैपेईच्या प्रदर्शनात सोळा वर्षांपूर्वी जाहीर झालेला आकडा १९९ डॉलरचा होता.